गार वारा सुटला, पाकीट फोडू नका



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा रोहिणी नक्षत्र लागलेले असेल. गेल्या चार दिवसांत हवा पालटली आहे. दुपारची झळ मोडली. तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडून वारा सुटतो, आभाळात ढगांची गाठोडी फिरू लागतात आणि अंगणातल्या खाटेवर पहाटे पांघरूण ओढावेसे वाटते. वखरून ठेवलेली काळी जमीन समोर उघडी पडली आहे. तिच्याकडे पाहून कास्तकाराचे हात शिवशिवणारच.

परवा एका गावी बैठकीला गेलो होतो. बैठकीला माणसे कमी आणि कृषी सेवा केंद्रासमोर जास्त. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "भाऊ, वारा फिरला. आता पाणी काही थांबत नाही." शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. त्याच्या हातातल्या मोबाईलवर पावसाचा नकाशा होता, निळा आणि हिरवा. बाप वाऱ्याकडे पाहत होता, मुलगा नकाशाकडे. दोघांचा निर्णय मात्र एकच झाला होता : एक चांगली सर आली की सरकी डोबायची.

बापाचे चुकले नव्हते, मुलाचेही नाही. वारा खरोखरच फिरला आहे. नकाशाही बहुधा खरा असेल. पण वारा जे सांगतो आणि नकाशा जे सांगतो, ते म्हणजे पेरणीची आज्ञा नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पैसे कुणाच्या खिशातून जातात, ते २०२५ साली आपण सर्वांनी पाहिले आहे. दर वर्षी नवे पान सुरू करण्याची आपल्याला खोड आहे, म्हणून तो हिशेब पुन्हा एकदा मांडतो.

२०२५ चा मे आठवा. नवतप्यात अंगाची लाही होण्याऐवजी लोक स्वेटर शोधत होते. महिनाभर अवकाळी पावसाने पिच्छा सोडला नाही. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेने मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालापासूनचा विक्रम मोडला. २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात आला. २००९ नंतर इतक्या लवकर तो आला नव्हता. २६ मे रोजी तो मुंबईत पोहोचला. मुंबईची त्याची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे सोळा दिवस आधी, गेल्या पाऊणशे वर्षांत पहिल्यांदा. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर छत्र्यांचे फोटो आले. २७ तारखेला हवामान खात्याने सुधारित अंदाज दिला : देशात सरासरीच्या १०६ टक्के पाऊस. लवकर आला, भरपूर येणार. याहून चांगली बातमी कोरडवाहू शेतकऱ्याला कोण देणार?

आणि २९ मे रोजी मोसमी पावसाची उत्तरेकडची रेघ थांबली. मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद अशी ती रेघ होती. नकाशा काढून बघा. आदिलाबादच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की आपला यवतमाळ जिल्हा लागतो. कापसाचा जवळजवळ सगळा विदर्भ आणि मराठवाड्याचा उत्तर भाग त्या रेघेच्या बाहेर, वरच्या अंगाला राहिला. ती रेघ तेथेच अडली ती जूनच्या मध्यापर्यंत. १६ जूनच्या सुमारास ती पुन्हा हलली.

मधले अडीच आठवडे काय झाले? मेच्या पावसाने जमिनीच्या वरच्या थरात ओल होती. ती पाहून ज्यांनी सरकी डोबली, त्यांची काही ठिकाणी उगवली, काही ठिकाणी फुगून सडली, काही ठिकाणी कोंब वर येताना कडक पापुद्र्याखाली मोडला. उगवलेल्या रोपांना लोक हंड्याने, पाठीवरच्या पंपाने पाणी घालत होते. नांग्या भरता भरता अख्खे शेत पुन्हा डोबणारे आम्ही पाहिले. कृषी खाते त्या वेळी "घाई करू नका" असे सांगत होते, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. पण त्यांच्या सल्ल्याहून वाऱ्याचा आवाज मोठा होता, आणि छत्र्यांच्या फोटोंचाही.

आता पुढची गंमत. त्या वर्षीचा अंदाज खोटा ठरला का? अजिबात नाही. हंगाम संपला तेव्हा देशात ९३७.२ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, सरासरीच्या १०८ टक्के. अंदाज १०६, प्रत्यक्षात १०८. इतक्या जवळ गेलेल्या अंदाजाचे कौतुकच करायला हवे. आणि त्याच १०८ टक्क्यांत जूनचा तो खंड आहे. त्याच १०८ टक्क्यांत मराठवाड्यातला सप्टेंबरचा पूर आहे, ज्याने बीड, धाराशिव, लातूर, नांदेडकडची काढणीला आलेली पिके आणि काही ठिकाणी मातीसुद्धा वाहून नेली. पेरणीला नव्हता तो पाऊस बोंडे फुटताना आला. सरासरीत दोन्ही बेरजेला लागले.

२०२३ घ्या. त्या वर्षी अंदाज ९६ टक्के होता, प्रत्यक्षात ९४ झाला. कागदावर दोनच टक्क्यांचा फरक. पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशात ३६ टक्के तूट. पऱ्हाटीला पात्या लागत होत्या, सोयाबीन शेंगांत भरत होते, आणि आभाळ रिकामे. ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. अंदाज बरोबर, दुष्काळही बरोबर.

अंदाज साफ चुकल्याचीही उदाहरणे आहेत. २००२ साली १०१ टक्के सांगितले होते, पाऊस ८१ टक्के झाला. २००९ साली एप्रिलमध्ये ९६ सांगितले, झाला ७८. त्यानंतर या शास्त्राने बरीच मजल मारली आहे आणि आम्ही ती नाकारीत नाही. आमच्यापैकी ज्यांनी कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढली, त्यांना वेधशाळेची टिंगल करणे शोभणारही नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. अंदाज चुकला तर शेतकरी बुडतो, हे सर्वांना कळते. अंदाज बरोबर आला तरी शेतकरी बुडू शकतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

यंदाचा आकडाही छापून आला आहे. तो किती, ते आम्ही येथे मुद्दामच लिहीत नाही.

कारण तो आकडा तुमच्यासाठी काढलेलाच नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा, अख्ख्या देशाचा तो एक आकडा. ८७ सेंटिमीटर म्हणजे शंभर टक्के, ९६ ते १०४ म्हणजे सर्वसाधारण. त्याचे विभागवार तुकडे पाडले तरी आपण ज्या 'मध्य भारता'त मोडतो, त्यात गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, महाराष्ट्र आणि गोवा एका पोत्यात भरलेले आहेत. कच्छचे रण आणि ओडिशाची भातशेती यांची सरासरी घेऊन दारव्ह्याच्या कास्तकाराने काय करावे? हवामान खात्याचा 'विदर्भ' हा एकच उपविभाग घेतला तरी त्यात गडचिरोलीचा पाऊस बुलढाण्याच्या जवळपास दुप्पट आहे.

हा आकडा वाचतात ते दुसरेच. दिल्लीत महागाईचे गणित मांडणारे वाचतात, शेअरबाजार वाचतो, खताच्या आणि ट्रॅक्टरच्या कंपन्या वाचतात, कापसाचा व्यापारी वाचतो. त्यांना देशाची बेरीजच हवी असते. एका तालुक्यात बुडाले तरी दुसऱ्या तालुक्यात पिकले की त्यांचे भागते. शिवाय पाऊस चांगला म्हटला की बोंड धरण्याआधीच भाव मऊ पडू लागतो. त्या भावाला टेकू देण्याऐवजी १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ करण्यात आले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमके आपला कापूस बाजारात येण्याच्या महिन्यांत. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, येथे एवढेच.

मग वाऱ्याचे काय? वारा तर आपल्याच शिवारात वाहतो.

उन्हाळाभर आपल्याकडे उत्तर-पश्चिमेचा कोरडा वारा असतो. मेच्या शेवटी तो मोडतो आणि पश्चिमेकडून, नैऋत्येकडून, अरबी समुद्राची वाफ घेऊन वारा आत शिरतो. कमाल तापमान दोन-चार अंशांनी उतरते. घाम वाळेनासा होतो. दुपारी तापलेली जमीन ही दमट हवा वर फेकते आणि एकाच जागी ढगाचा मनोरा उभा राहतो. मग तासाभरात वादळ, विजा, गारवा, आणि पंचवीस-तीस मिलिमीटरची सर. हा वळीव. तो या धुऱ्यावर पडतो आणि पलीकडच्या धुऱ्यावर पडत नाही. मोसमी पाऊस असा नसतो. त्याच्या मागे खाली-वर एकजीव झालेला, जमिनीपासून चार किलोमीटर उंचीपर्यंत भरलेला पश्चिमी वारा असतो. ढग बुटके, करडे आणि सगळीकडे सारखे असतात. विजांचा तमाशा कमी आणि झड जास्त.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. केरळात मोसमी पाऊस आला असे जाहीर करताना हवामान खाते स्वतः किती चिकित्सा करते पाहा. १० मेनंतर, ठरवून दिलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर, सलग दोन दिवस, अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडायला हवा. तेवढ्याने भागत नाही. पश्चिमी वारा पुरेशा उंचीपर्यंत भरलेला हवा, त्याला वेग हवा, आणि उपग्रहावरून दिसणारे ढगांचे आवरणही पुरेसे दाट हवे. हे सगळे जुळले तरच "आला" म्हणायचे. ज्यांचे एका दाण्याचेही नुकसान होणार नाही, ते एका सरीवर विश्वास ठेवत नाहीत. आणि ज्याचे सगळे पणाला लागलेले आहे, तो एका सरीवर पाकीट फोडतो.

शेतकरी हे अडाणीपणाने करतो असे शहरात बोलले जाते. ते खोटे आहे. घाईला कारणे आहेत आणि ती पैशाची आहेत. उशीर झाला की मूग-उडीद हातचे जातात. पऱ्हाटी जुलैत गेली की उत्पन्न घटते. उधारीवर आणलेले बियाणे घरात पडून असते आणि दुकानदार रोज रस्त्यात भेटतो. शेजाऱ्याने पेरले की मजूर तिकडे जातात, आपल्या वेळेला मिळत नाहीत. बैलजोडी भाड्याची असेल तर ती मिळेल त्या दिवशी पेरावे लागते. थांबण्याचीही किंमत आहे, हे आम्ही मान्य करतो. फक्त दोन्ही किमती एकदा शेजारी शेजारी मांडून बघा, एवढेच म्हणणे आहे.

२०२५ साली बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. एकरी दोन पाकिटे धरली तर पाच एकरांना दहा पाकिटे, म्हणजे ९,०१० रुपये. डोबणीची मजुरी वेगळी, पायाला दिलेले खत वेगळे. दुबार पेरणी म्हणजे हे सगळे पुन्हा एकदा. पीककर्ज एकदाच मिळते, दुसऱ्या पेरणीला बँकेचे दार बंद असते, म्हणजे दुसरे पाकीट सावकाराच्या नाहीतर दुकानदाराच्या वहीतून येते. आणि दुबार पेरलेली पऱ्हाटी शेवटी जुलैचीच होते. म्हणजे घाई करून जो उशीर टाळायचा होता, तोच उशीर दुप्पट पैसे मोजून विकत घेतला. जो तीन आठवडे थांबला त्याचीही पऱ्हाटी उशिराचीच, पण त्याची नऊ हजारांची पाकिटे जाग्यावर आहेत.

विमा? २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. २०२५ च्या खरिपात तो गेला, आणि जाताना एकटा गेला नाही. पेरणीच न होणे, हंगामाच्या मध्यात येणारी प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान, हे चारही आधार राज्याच्या योजनेतून काढून टाकण्यात आले. राहिला तो पीक कापणी प्रयोग. कापसाला शेतकऱ्याचा हिस्सा पाच टक्के. जूनमध्ये सडलेल्या सरकीचा हिशेब हिवाळ्यातल्या कापणी प्रयोगात कुठे दिसणार? दुबार पेरणी करून तुम्ही पीक उभे केलेत, तर विम्याच्या लेखी तुमचे नुकसान झालेच नाही.

तेव्हा पेरणीचा निर्णय वाऱ्यावर नाही, नकाशावर नाही, तर ओलीवर. विद्यापीठे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा म्हणतात. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. उन्हाळ्यात भेगाळलेली भारी काळी जमीन ही मोठी तहानलेली असते. पंचवीस मिलिमीटरची सर जेमतेम चार बोटे, फार तर वीतभराच्या आत मुरते. जूनच्या आरंभी ऊन पडले आणि वारा सुटला की उघड्या पात्रातले पाणी दिवसाला दहा मिलिमीटरच्या हिशेबाने उडते. म्हणजे ती सर तीन-चार दिवसांत वरचा थर सोडून गेली. बियाणे तेवढ्या ओलीत जागे होते आणि मुळी खाली जायच्या आत उपाशी राहते. न उगवलेले बी एकवेळ पुन्हा उगवेल, अर्धे उगवून वाळलेले बी परत उगवत नाही.

आपल्या आजोबांकडे याला एक शब्द होता : ओलीला ओल मिळणे. वरून उतरलेली ओल खालच्या ओलीला जाऊन भेटली की पेरायचे. त्यासाठी यंत्र लागत नाही. वाफसा आल्यावर शेताच्या उंच भागात एक, खोलगट भागात एक आणि मधल्या पट्ट्यात एक, असे तीन खड्डे कोपरभर खोल करा. तळाची माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि फोडल्यावर आतून काळपट ओलसर निघाला तर ठीक. वरती चिखल आणि खाली कोरडी ढेकळे असतील तर पाकीट कपाटात. हलक्या, मुरमाड जमिनीत ओल लवकर खोल जाते पण टिकत नाही. तेथे पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या पावसाची वाट बघणे अधिक शहाणपणाचे.

कपाशीच्या बाबतीत थांबण्याला आणखी एक कारण आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपले काय केले ते विसरला नसाल. मे महिन्यात लावलेल्या कपाशीला पात्या-फुले लवकर येतात आणि मागच्या हंगामातून निघालेल्या पतंगांना ती आयते घर होतात. म्हणूनच त्यानंतर काही हंगाम १ जूनच्या आधी कपाशीचे बियाणे विकायला बंदी होती. ज्यांच्याकडे ओलीत आहे, ठिबक आहे, त्यांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तुमच्या लवकरच्या फुलांवर वाढलेली अळी पुढे कोरडवाहू शेजाऱ्याच्या बोंडात शिरते.

ज्वारीचे गणित वेगळे आहे, आणि हे वेगळेपण सांगितले नाही तर आमचा सल्ला अर्धवट राहील. खरीप ज्वारीला उशीर सोसत नाही. जुलैत पेरलेल्या ज्वारीचा पोंगा खोडमाशी धरते आणि ताटे मरतात. म्हणून मोसमी पाऊस लागताच पहिल्या आठवड्यात ज्वारी जमिनीत गेली पाहिजे. एकरी चार किलो बियाणे, कपाशीच्या पाकिटांच्या मानाने खर्च थोडा. तेव्हा ओल जुळल्यावर पहिली तिफण ज्वारीची धरा आणि कपाशीची डोबणी मागून करा. बहुतेक गावांत आज याच्या उलट चालते, कारण पैसा कपाशीत दिसतो आणि ज्वारी कडब्यापुरती उरली आहे. धुळपेरणीबद्दलही विचारणा होते. पाटनचेरूच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने भारी काळ्या जमिनीत पावसाआधी कोरड्यात पेरण्याचे प्रयोग केले होते. त्यांतून निघाले ते असे की जेथे सुरुवातीचा पाऊस भरवशाचा आहे, तेथे हे जमते. हैदराबादकडे जमले, सोलापूरसारख्या बेभरवशाच्या पट्ट्यात जमणारे नाही. आपापले गाव या दोहोंपैकी कुणाच्या जवळ बसते, हे गावानेच ठरवावे. मात्र ठरवायचे तर गावाकडे पावसाची वही हवी.

आणि ती आपल्याकडे नाही, ही खरी लाजेची गोष्ट आहे. भेंडवळची घटमांडणी ऐकायला आपण अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गर्दी करतो, पंचांगात मृगाचे वाहन बेडूक की कोल्हा ते पाहतो. त्याला आम्ही नावे ठेवीत नाही, माणसाला धीर लागतो. पण गेल्या दहा वर्षांत आपल्या शिवारात मृगात किती पाऊस झाला आणि त्यानंतर किती दिवस खंड पडला, असे विचारले तर बैठकीत शांतता पसरते. महसूल मंडळाच्या गावी स्वयंचलित केंद्र बसलेले आहे. पण मंडळ म्हणजे दहा-वीस गावे. ते केंद्र ज्या गावात, तेथे वळीव पडला की सगळ्या मंडळात पडला अशी नोंद होते. दुष्काळ असो की विमा, निकाल त्या नोंदीवर लागतो. तुमच्या शिवारात थेंब पडला नाही, हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगणार?

सरकारकडे मागायचे ते नेमके मागू या. तंत्र नाही, ही सबब आता चालणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज सुरू झाला. मे २०२५ मध्ये, ज्या दिवशी मोसमी पाऊस मुंबईत शिरला त्याच २६ तारखेला, सहा किलोमीटरच्या चौकोनाचा अंदाज देणारी नवी प्रणाली जाहीर झाली. त्याच हंगामात केंद्रीय कृषी खात्याने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पाऊस सुरू होण्याचा अंदाज मोबाईलवर पाठविला, आणि जूनचा खंड आपण आधीच ओळखला होता असे सरकार स्वतःच सांगते. ओळखला होता, तर तो खंड आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का नव्हता? दुसरीकडे, तालुक्यापर्यंतचा सल्ला तयार करणारी जिल्हा पातळीवरची कृषी हवामान केंद्रे, देशभरातली १९९, बंद करण्याचा निर्णय २०२४ च्या सुरुवातीला झाला. चौकोन लहान केला आणि त्या चौकोनाचा अर्थ शेतकऱ्याला सांगणारा माणूस काढून टाकला.

आम्हाला देशाचे टक्के नकोत. मेच्या शेवटी आणि जूनच्या प्रत्येक आठवड्यात एका प्रश्नाचे उत्तर हवे : या तालुक्यात पाऊस सुरू झाल्यावर पुढच्या पंधरा दिवसांत आठवडाभराचा खंड पडण्याची शक्यता दहात किती? दहात सहा म्हणा, दहात दोन म्हणा. चुकले तर चुकले, आम्ही रोजच जुगार खेळतो, आम्हाला शक्यता कळते. त्याबरोबर मंडळाच्या केंद्राची रोजची नोंद गावात लागली पाहिजे. आणि खंडामुळे दुबार पेरणी करावी लागली, तर त्या खर्चापुरते पीककर्ज वाढवून मिळाले पाहिजे. जिल्हा बैठकीत हे तीन ठराव येतील. आपापल्या गावात त्यांवर आधी बोलून या.

आपल्या हातातले काम मात्र ठरावाची वाट पाहणारे नाही. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा घ्या. झाड आणि भिंत यांपासून दूर, कमरेएवढ्या खुंटावर घट्ट बांधा. रोज सकाळी साडेआठला शाळेच्या पट्टीने आतले पाणी मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा आणि डबा पालथा करा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा, शून्य लिहायला विसरू नका. एक मिलिमीटर म्हणजे एकरावर चार हजार लिटर पाणी, हे पोरांना सांगितले की ती स्वतःच मोजायला धावतात. आमचा अनुभव असा की हे काम बाप्यांकडे दिले तर आठवड्यात बंद पडते, घरातल्या मुलीकडे दिले तर वर्षभर चालते. वहीच्या पहिल्या पानावर गाव आणि गटनंबर लिहा, आणि ज्या दिवशी पेरले त्या तारखेसमोर खूण करा.

मृग ७-८ जूनला निघतो, आर्द्रा २१-२२ ला. जिल्हा बैठक आर्द्रा लागल्यावर आहे. प्रत्येक गावाने रोहिणीपासूनची वहीची पाने बरोबर आणावीत आणि शेतातल्या तीन खड्ड्यांची कोपरभर खोलीवरची माती कागदात बांधून आणावी. कुणाकुणाची ओल जुळली आहे ते तेथेच पाहू.